मेजरची गोरखचिंच

सबनीस पोहोचले तेव्हा गोरखचिंचेच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली मारून झाली होती.

चार-पाच माणसांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही असं झाड. मागे गोऱ्या शिपायांची जुनी दफनभूमी. तिथल्या चाफ्यांना आणि महोगनीला धोका नव्हता. जिथवर कबरी, तिथवर संरक्षण. पण गोरखचिंच पडक्या भिंतीच्या बाहेर उभी होती, आणि जुन्नरहून येडगावकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता. इंजिनिअर सकाळीच सांगून गेला होता, झाडाखाली एक तरी कबर दाखवा, मी रस्ता वळवतो.

सबनीस पुण्याच्या जुन्या वास्तूंच्या कचेरीतले. निवृत्ती जवळ आली होती. इतक्या वर्षांत त्यांनी पडक्या वस्तूंच्या नोंदी केल्या, वाचवलं काहीच नव्हतं.

"कबर हाय की," शेजारच्या मळ्यातला म्हातारा रखमाजी म्हणाला.

त्यानं गवत बाजूला सारलं. मुळांच्या बेचक्यात काळा दगड होता, तेलपाण्यानं गुळगुळीत झालेला. त्यावर एकच शब्द कोरलेला: मेजर.

सबनिसांनी वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. अक्षरं मराठीत कशी, त्यांनी विचारलं. दगड माझ्या बानं बसवला, रखमाजीनं सांगितलं, त्याला इंग्रजी कुठलं यायला. बा पलटणीत होता. तिथून परतल्यावर मरेपर्यंत त्यानं दुसरं नाव घेतलं नाही.

"म्हणजे तुमचे वडील मेजरच्या हाताखाली होते?"

रखमाजी हसला. "मेजर माझ्या बाशिवाय कुनाचं ऐकत नव्हता, सायेब."

दिसायला कसे होते, तर गोरेपान. अंगानं भरलेले, डोळ्यांत जरब. तापट, पण पोरांना कधी इजा केली नाही. सगळं एकेरीतच सांगणं चाललं होतं. खेड्यातली माणसं देवालाही एकेरीत बोलावतात, हे सबनिसांना ठाऊक होतं. त्यांनी मनातल्या मनात 'अहो' घातलं.

"गेले कसे?"

"घाटात." म्हाताऱ्यानं दगडावरून हात फिरवला. "गोऱ्यांचं राज व्हतं तवा. मी लहान व्हतो. पुढं घोडी सुटलेली, मागं मेजर. वर पोचला, मगच पडला. तवर मान खाली घातली न्हाई."

"कुणाच्या मागावर होते?"

"मागावर कशाला ऱ्हाईल? सगळी दुनिया त्याच्या मागं." रखमाजीनं छाती पुढं काढली. "साऱ्या गावानं खांदा दिला. माझा बा त्या दिशी पयल्यांदा रडला."

सबनिसांना लेण्याद्रीच्या पलीकडच्या डोंगरांत कुणा दरोडेखोरांवर चालून गेलेला घोडेस्वार स्पष्ट दिसला. तेवढ्यात रखमाजीची बायको सारजाबाई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता तिनं दगडावरचा पाला पदरानं झाडला. वर्षातून एकदा ती दगडाला न्हाऊ घालते आणि पुरणपोळीचा निवद दाखवते, असं कळलं.

"कधी?"

"भादव्याच्या अवसेला. अजून चुकलं न्हाई."

भाद्रपदातली अमावास्या. सर्वपित्री. या माणसांनी परक्या मुलखातल्या साहेबाला आपल्या पितरांत बसवलं होतं. सबनिसांनी चष्मा काढून पुसला.

अहवाल त्यांनी एका बैठकीत लिहिला. पहिल्यांदाच खाडाखोड केली नाही. इंजिनिअरनं दगड पाहिला आणि शब्द पाळला. दिवाळीनंतर रस्ता गोरखचिंचेला वळसा घालून गेला.

फलक लावायच्या दिवशी अख्खं गाव लोटलं. कुणी दगडावर गुलाल उधळला, कुणी हलगी वाजवली. चारचौघांत बोलायला घाबरणारे सबनीस त्या दिवशी बोलले. 'या वृक्षाखाली शूर मेजर चिरविश्रांती घेत आहेत,' हे फलकावरचं वाक्य त्यांचंच होतं. ते वाचताना म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. रखमाजीच्या डोळ्यांना धार लागली. मग सबनिसांनी टाचा जुळवून दगडाला सलाम ठोकला, आणि आपण आयुष्यात एक तरी काम केलं, असं त्यांना वाटलं.

निघताना त्यांनी रखमाजीचा हात हातात घेतला. मेजरच्या बरोबरीचं आणखी कुणी होतं का? असेल तर त्याचंही नाव खाली घालता येईल.

"व्हता की. कॅप्टन."

"त्यांची कबर कुठंय?"

"त्याची कुटली कबर?" रखमाजी हळहळला. "जोड फुटल्यावर एकट्याला गाड्याला जुंपतंय कोन? बानं त्याला बेल्ह्याच्या बाजारात इकला."