रेघ मारलेलं वाक्य

“इथेच लिहिलं होतं हो! मी काय माझ्या मनाने केलं का?” चेतनाने रडत रडत मोबाईल पुढे केला. तो हातोहात फिरत वनमालाबाईंकडे आला. त्यांनी चष्मा सारखा करून त्यावरच्या दोन ओळी वाचल्या, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने, दिशाने, तो उतरताना पाहिला.

चेतनाचं कुटुंब वाकोल्याच्या त्या इमारतीत महिन्यापूर्वीच राहायला आलं होतं. मूळचे अकोल्याकडचे. बाजारात शेवळं या पावसाळी रानभाजीच्या जुड्या दिसल्या, कधी खाल्ल्या नव्हत्या, म्हणून हौसेने आणल्या. कशा करायच्या ते मोबाईलमधल्या एआयला विचारलं. त्याने झटक्यात सांगून टाकलं, मिठाच्या पाण्यातून दोनदा काढा, खाज जाते. पहिली वाटी मानाने सासूबाईंना, शकुबाईंना, गेली. त्यांचा घसा असा काही सुजला की दोन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. आज सकाळीच घरी आणलं होतं, आतल्या खोलीत त्या झोपल्या होत्या. वनमालाबाई तळमजल्यावरून त्यांच्यासाठी पेज घेऊन आल्या होत्या. शेजारधर्म, दुसरं काय!

दिशाने वाकून मोबाईलमध्ये पाहिलं. ते वाक्य तिनेच टाईप केलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, आईच्या वेबसाईटवर.

वनमालाबाईंचं माहेर पेणकडचं. त्यांची रानभाज्यांची वेबसाईट म्हणजे एका बाईचा निव्वळ हट्ट होता. भाजी स्वतः तीनदा शिजवायची, आधी स्वतः खायची, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं आणि मगच लिहायला बसायचं. शेवळांनी मात्र त्यांना फसवलं. पहिल्या वर्षी जुड्या कोवळ्या होत्या, मिठाच्या पाण्यावर निभावलं आणि तसंच लिहिलं. पुढच्या वर्षी निबर मिळाल्या आणि त्यांचाच घसा दिवसभर खाजत राहिला. त्यांनी त्या वाक्यावर रेघ मारायला लावली आणि खाली तारखेसकट लिहिलं, “हे चुकलं. काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळं शिजवू नका.”

“पुसूनच टाक ना गं,” दिशा तेव्हा वैतागली होती. “आपली चूक जगाला कशाला दाखवायची?”

“आणि ज्यांनी आधी वाचलंय त्यांचं काय? त्या बायका परत बघायला आल्या तर त्यांना कळायला नको, काय बदललं ते?”

अशी ही बाई. दिशाला तिचा राग यायचा आणि अभिमानाने ऊरही भरून यायचा, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच. एआयने आता नेमकं तेच वाक्य उचललं होतं. रेघ वाटेत गळून पडली होती आणि खालच्या ओळीचा पत्ता नव्हता.

ही काही पहिली चोरी नव्हती. गेली दोन वर्षं लोक मोबाईललाच विचारत होते आणि मोबाईल वनमालाबाईंच्या शब्दांत उत्तरं देत होता. वेबसाईटकडे कोण कशाला फिरकेल? एके काळी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या बायका ‘काकू, टाकळा कडू का झाला?’ म्हणून विचारायच्या. आता महिना महिना कोणी चकार शब्द लिहीत नव्हतं. निदान खाली माझ्या आईचं नाव तरी द्या, असं दिशाने कंपनीला नऊ वेळा कळवून पाहिलं. नऊही वेळा तेच छापील आभार आले. “चोर कधी नाव लिहून जातो का गं?” म्हणत वनमालाबाई हसल्या. पण सकाळी चहा घेता घेता वेबसाईट उघडून बघणं त्यांनी सोडून दिलं. आता एकच गोष्ट त्या तोऱ्यात सांगायच्या, माझं वाचून आजवर कुणाच्या घशाला खाज सुटली नाही!

“कोणी लिहिलंय हे?” चेतनाचा नवरा चंद्रप्रकाश एकदम कडाडला. दोन दिवसांची भीती आता रागावाटे बाहेर पडत होती. “दाखव ना मला! ना नाव ना गाव, आणि तू ते वाचून माझ्या आईच्या ताटात वाढतेस? तो माणूस सापडला असता ना, तर सरळ पोलिसात दिला असता. पण माणूसच नाही! मग चूक कोणाची? तुझीच ना?”

चेतनाने मान खाली घातली. दोन दिवस ती स्वतःला हेच सांगत आली होती.

दिशाने त्या चोराचे मनातल्या मनात आभार मानले. बरं झालं, नाव नाही दिलं. कोणालाही कधी कळणार नव्हतं. तिने हळूच आईचा पदर ओढला. आणि आई बोललीच, तर पुढे काय सांगायचं तेही तिने मनात जुळवून ठेवलं. रेघ, तारीख, खालची ओळ, सगळं मोबाईलवर उघडून दाखवता आलं असतं.

वनमालाबाईंनी पदर सोडवून घेतला आणि त्या उठल्या. मोबाईल त्यांनी चेतनाच्या हातात परत दिला, तिच्या पाठीवर हात ठेवला. रेघेबद्दल, तारखेबद्दल, चोरीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

“तिला बोलू नकोस रे बाबा,” त्या म्हणाल्या. “नाव लिहून घे. वनमाला दशरथ घरत, तळमजला. हे मी लिहिलंय.”