पेट्रोचं मत

चर्चच्या तळघरात टर्कीचं जेवण उरकत आलं होतं आणि लॉर्न हॅलिडे कॉफीची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होता. निवडणुकीच्या वर्षी या जेवणात उमेदवारानं कॉफी वाढायची, ही आमच्याकडची रीत. लॉर्न गावचा वकील आणि तीन वेळचा कॉन्झर्व्हेटिव्ह आमदार. अर्ध्या गावाची मृत्युपत्रं त्यानंच केलेली. उद्या मतदान होतं.

वसंतात त्याच्याच पक्षाच्या सरकारनं गावचं इस्पितळ बंद केलं, तेव्हा सभागृहात तोही पक्षाच्या बाजूनं उभा राहिला. वर इथं येऊन सांगून गेला, की दुसरं इस्पितळ चाळीसच मिनिटांवर आहे. आम्ही ऐकून घेतलं. आमच्याकडे राग आला की आवाज चढत नाही, उतरतो.

"गरम आहे ना रे?" कप पुढे करत म्हाताऱ्या ऑर्व्हिलनं विचारलं. "का हीसुद्धा चाळीस मिनिटांवरून आणलीस?"

टेबल हसलं. लॉर्नही हसला. हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती.

शेवटच्या टेबलाशी नेटी बोयचुक बसली होती. तिचा नवरा पेट्रो या जेवणाच्याच आठवड्यात गेला होता. छातीत कळ आली आणि त्या दुसऱ्या इस्पितळाच्या वाटेवर, रुग्णवाहिकेतच संपला. लॉर्ननं फुलं पाठवली होती, पण स्वतः जायचा धीर झाला नव्हता. आता तिला चुकवून जाणंही शोभलं नसतं.

तो सांत्वनाचे चार शब्द बोलला. तिनं मान हलवली.

"लॉर्न, एक कायद्याचं विचारू?"

"विचारा ना, नेटीकाकू."

"मतदानाच्या दिवशी गर्दी नको म्हणून पेट्रोनं आगाऊ मतदानातच जाऊन मत दिलं होतं. तुलाच. नेहमी देतो तसं. माणूस गेला तरी ते मोजतात का?"

"मोजतात."

"ते परत घेता येईल? मी बायको आहे त्याची. सही लागली तर करते."

आजूबाजूचे काटेचमचे थांबले. लॉर्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी तरी हाक मारावी, बोलवून न्यावं, असं त्याला वाटलं. कुणीच हाक मारली नाही.

"नाही, काकू," तो खाली मान घालून म्हणाला. "एकदा दिलेलं परत घेता येत नाही."

नेटीनं समोरचा रिकामा कप उचलला.

"मग राहू दे तुझ्यापाशी," ती म्हणाली, आणि कॉफीसाठी कप पुढे केला.