लपवायचं बटण

बोईसरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांची थ्रीडी मॉडेलं करणाऱ्या रूपलने, नको ती वस्तू एका बटणात लपवणारी स्क्रिप्ट लिहिली होती. कुंभवलीचा धर्माजी आपल्या होणाऱ्या बंगल्याचं मॉडेल बघून म्हणाला, "पोरी, मदी माज्या भावाचं घर हाय, ते दिसाला नको." रूपलने बटण दाबलं. घर गेलं.

धर्माजीने खुशीत ते चित्र जेसीबीवाल्याला दाखवलं. चित्रात नव्हतं ते घर त्याने इमानेइतबारे भुईसपाट केलं आणि ढिगाऱ्यावर उभं राहून दोघा भावांनी एकमेकांची डोकी फोडली.

दुसऱ्या दिवशी भाऊ हिराजी, डोक्याला बँडेज आणि हातात कोयता, थेट ऑफिसात शिरला. रूपल टेबलाखाली.

हिराजीने खुर्ची ओढली. "भायेर ये गो पोरी, भिऊ नको. आता तेच बटण धर्माजीवर दाब."