चमकणारी पावडर

नखं रंगवायची नाहीत, हा नवऱ्याचा, ड्वेनचा नियम. त्याला कायमचं सोडून मार्लिस बहिणीकडे डुलुथला आली आणि सगळ्यात आधी तिने अंधारात चमकणारी नखांची पावडर विकत घेतली.

“डबीत बोटं बुडवू नकोस गं, चमच्याने वरून ओत,” बाथरूमबाहेरून बहीण लोर्ना म्हणाली. “सगळी पावडर नासवशील.”

“नासू दे. माझी आहे.”

चिकट लेप लावलेली दहाही नखं पावडरीत बुडवून, सुकवून तिने दिवा बंद केला. नखं हिरवी चमकली. समोरची उघडी डबीही.

चमकत्या पावडरीत एक काळा खळगा पडला. जाड बोटाचा. मग शेजारी दुसरा.

मार्लिसचे दोन्ही हात छातीशी होते.

“कशी दिसतायत?” लोर्नाने विचारलं.

“झकास.” मार्लिसने चाचपडत झाकण उचललं आणि डबीवर दाबलं. ते कशावर तरी अडलं. तिच्या बोटांना लागलं, मऊ, कोमट.

“बोट बुडवलंस ना, ड्वेन?” ती हळूच म्हणाली. “आता काढून दाखव.”

आणि तिने अंगाचा सगळा भार झाकणावर टाकला.