दर्याला दिलेल्या बांगड्या

मंजुळेचं लग्न झालं ते १८९४ साल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ दौलत मासळीला गेला आणि परत आला नाही. दहाव्या दिवशी माझगावच्या कोळीवाड्यातून त्याच्या बापाची होडी निघाली. दौलतची उलटी होडी बंदरापलीकडे, करंजाजवळ सापडली होती. तिथे नारळ सोडायचा आणि त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या, बांगड्या फोडायच्या, असं ठरलं होतं.

बांगड्या डाव्या हातातच होत्या. कोळ्याची नवरी उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला देते. त्या घेऊन दर्याने तिचा नवरा राखायचा. शेवंतीनेही आपल्या लग्नात सगळ्या वऱ्हाडासमोर वाकून पाण्यात मूठ सोडली होती.

अर्ध्या वाटेत वारा पडला. सासरा कुशाबा म्हणाला, "हितंच उरकू. करंजा काय आन् हितं काय, पानी एकच."

त्याने होडीच्या तळातला दगड उचलला. सासू जाईबाईने सुनेचा हात धरला. शेवंतीने तो ओढून घेतला.

"दर्यानं माज्या बांगड्या घेतल्यात. आदी त्याला जबाब देऊ द्या."

तिचा आवाज कापत होता. जाईबाईला वाटलं, पोरीला रडू आवरत नाही.

तेवढ्यात दीर रघु म्हणाला, "बाबा, होडी बाजूला घ्या. मनवार येते."

मनवार म्हणजे सरकारचं लोखंडी लढाऊ जहाज, तोफांच्या दोन बुरुजांचं. एरवी ती बंदरात नांगरून असे, निम्मी पाण्यात बुडालेली, म्हणून कोळी तिला म्हैस म्हणत. मंजुळेच्या लग्नाच्या दिवसांत ती तोफांच्या सरावाला बाहेर गेली होती, ती आज परतत होती.

"म्हस डुंबून आली," रघु म्हणाला.

मनवार इतक्या जवळून गेली, की ठेंगण्या डेकवरची माणसं दिसत होती. त्यांतला एक पाय पसरून बसला होता. अंगात ढगळ सदरा, एका पायाला फळ्या बांधलेल्या. दुसऱ्या पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवून तो डाव्या हाताने गाठी मारत होता. आगबोटीवरचा खलाशी अशी सुतळी धरत नाही. जाळं विणणारा धरतो. आणि डावखुरा विणणारा कोळीवाड्यात एकच होता.

"दौलत!" शेवंती उभी राहून ओरडली. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून त्या दिवशी तिला कोणी बोललं नाही.

कुशाबाच्या हातातला दगड पाण्यात पडला. जाईबाई सुनेच्या मोकळ्या उजव्या हातावरून हात फिरवत राहिली.

"दर्यानं बांगड्यांची लाज राखली गो, बाय."

शेवंती खाली बघत होती.

होडी उलटल्यावर दौलतला पाण्यातून उचलणारी ती मनवार पुढे भंगारात गेली. दौलत १९३१ साली, श्रावणात, म्हातारा होऊन घरच्या अंथरुणावर मेला. शेवंतीने डाव्या हातातल्या बांगड्या फोडल्या. मग पेटीच्या तळातून सोनेरी ठिपक्यांच्या सहा हिरव्या बांगड्या काढल्या आणि त्याही फोडल्या. लग्नात तिच्या मुठीतून पाण्यात पडले होते ते नुसते शिंपले.