दोन माणसांसाठी

जुल्फिकारनं कुवेतहून पैसे पाठवून महाडच्या घरी मशीन बसवून घेतलं होतं. लाईट गेली की डिझेलवर दिवे लागणार आणि त्याच्याच धगीवर आंघोळीचं पाणीही तापणार. पण अब्बांनी त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढू दिलं नाही. "दोन माणसांसाठी एवढं डिझेल जाळणं परवडत नाय. घर भरू दे, मग चालू करू," म्हणायचे. जुल्फिकारची अम्मा खैरुनबी दोन वर्षं चुलीवरच पाणी तापवत राहिली.

आज दुपारी जुल्फिकारचा फोन आला. दर शुक्रवारी विचारायचा तेच त्यानं विचारलं.

"अम्मा, मशीन चालू केलं का?"

"केलं रे, सकाळीच. लाईट नव्हती."

"पाणी तापलं?"

"तापलं. हात घालून बघितलं मी, त्यांना सोसंल एवढंच." खैरुनबी म्हणाली, "मय्यतीच्या आंघोळीला पुरून उरलं."

खैरुनबीनं ओटीपासून अंगणापर्यंत दाटीनं बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"घर भरलंय रे आज," ती म्हणाली. "परवडलं."