हाक पोचते तिथवर

“आणखी एकदा द्याल का हाक?” इमहोल्झ बाईंनी विचारलं. “मागची मंडळी चढून येईपर्यंत संपलीच ती.”

आंब्रोस गिस्लरने लाकडी नरसाळं तोंडापासून खाली घेतलं. दुपारचे चार वाजले होते. हाक खरी सांजेची. गायींचं दूध काढून झालं, सूर्य डोंगराआड गेला, की कुरणाच्या कडेला उभं राहायचं आणि दूध गाळायच्या नरसाळ्यातून चारी दिशांना मागायचं: देवा, गुरं सांभाळ, छप्पर सांभाळ, माणूस सांभाळ. हाक पोचते तिथवर रात्रभर राखण. भर दुपारी कसली राखण, आणि एकदा मागितलेलं पुन्हा काय मागायचं? पण पाहुण्यांची बस सहाला परत जायची होती, आणि पर्यटन कचेरीतल्या इमहोल्झ बाई जूनपासून मागे लागल्या होत्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्याने नरसाळं पुन्हा तोंडाला लावलं.

हाक देताना त्याची नजर दरीपलीकडे होती. समोरच्या उतारावर त्याची बहीण ओटिली उन्हात वाळलं गवत ओढत होती. तिचा लाल रुमाल इथून दिसत होता. दोघांच्या मधल्या खोलगट कुरणात सात कालवडी चरत होत्या. रोज सांजेला हाक ऐकली की ओटिली छपराला टांगलेल्या घंटेचा एक टोल द्यायची. तिच्यापर्यंत पोचली म्हणजे वाटेतल्या कालवडींपर्यंतही पोचली. वसंतात डॉक्टरांनी आंब्रोसचा घसा पाहून मान हलवली, तेव्हा त्याने आपल्या बायकोशी, फ्रेनीशी, ठरवून टाकलं होतं की ज्या दिवशी घंटा वाजणार नाही, त्या दिवशी नरसाळं खाली ठेवायचं. उन्हाळाभर घंटा एकदाही चुकली नव्हती.

त्याने छातीत होता तेवढा जोर लावला. हाक संपली. लाल रुमाल आपला गवत ओढत राहिला. चारला कशाला कान देईल ती, असं त्याने स्वतःला समजावलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थनेला टाळ्या का वाजवतात, हे त्याला याही वर्षी कळलं नाही. एकाने नरसाळ्यात डोकावून पाहिलं, आत काही यंत्र बसवलंय का म्हणून. फ्रेनीने सगळ्यांना चीज कापून दिलं, आणि बस वळणाआड जाईपर्यंत चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं.

मग गायी आल्या. बारा गायींचं दूध काढेपर्यंत दरीतून ढग वर सरकला आणि समोरचा उतार दिसेनासा झाला. आंब्रोस नरसाळं घेऊन कडेला गेला. पहिला शब्द घशातून आलाच नाही, नुसती हवा आली. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा हवाच. तो दगडावर बसला.

फ्रेनी मध घातलेलं गरम दूध घेऊन आली.

“घसा बसला?”

त्याने मान डोलावली.

“छान. दोनदा बसवाल्यांसाठी, आणि आपल्या गुरांच्या वाट्याला हवा.” बोलली, पण पेला त्याच्या हातात नीट धरवला.

आज घंटा वाजणार नाही, हे त्याला कळत होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं ते सुटल्यासारखं. उद्यापासून सांजेला पाय पसरून बसता येईल. पंचेचाळीस उन्हाळे म्हणजे काही थोडे नव्हेत. त्याने दुधाचा घोट घेतला.

ढगापलीकडून एक टोल आला. रोजच्यासारखा, स्वच्छ.

फ्रेनीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या नरसाळ्याकडे.

“तू तर अजून हाकच दिली नाहीस,” ती म्हणाली.

“या उन्हाळ्यात एकदा तरी पोचली का, कुणास ठाऊक.” त्याचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता.

“आपलं ठरलेलं मी तिला काही बोलले नाही हं.”

“तिला सांगावं लागत नाही.”

आधी त्याला बहिणीचा राग आला. लहानपणीही त्याच्या वाटणीचं खोटं तीच बोलायची, आणि वडिलांचा मारही तीच खायची. मग खोलगटातल्या सात कालवडी आठवल्या. सातही धडधाकट होत्या. पण इतके दिवस कुणाच्या भरवशावर, या विचाराने त्याला हातातला पेला जड झाला.

“उद्या कालवडी वर आणू,” तो म्हणाला. “इथं, जवळ.”

“आणि नरसाळं?”

“धुऊन ठेव. दूध गाळायला होईल.”

फ्रेनीने ते घ्यायला हात पुढे केला. आंब्रोसने सोडलं नाही. गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि कडेपर्यंत गेला. रोजच्यासारखा चारी दिशांना वळला नाही. घंटा जिकडून आली होती तिकडे, ढगाकडे तोंड करून त्याने नरसाळं ओठांना लावलं.

“देवा, ती घंटा वाजवणारी आहे ना, तिला सांभाळ.”

हातभर अंतरावर उभ्या फ्रेनीलाही काही ऐकू आलं नाही. त्याने नरसाळं खाली घेतल्यावर ती आमेन म्हणाली.